हा विटाळ नव्हे

१२ ऑगस्ट १९३७, बारामती

आज मी एका बाईला विनाकारण रडवले.

रोशनबी ही आमच्या बोळातल्या चाँदभाई बांगडीवाल्यांची सून. दुसरे मूल अजून अंगावर पिते. पांढरे जाते म्हणून दवाखान्यात आली होती. डॉक्टरबाई आत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या, तोवर आपण पाहून ठेवावे असे मला वाटले. आत पाहायचे स्पेक्युलम लावले, बॅटरीचा उजेड टाकला, तर गर्भाशयाच्या मुखाभोवती लालभडक कडे, खरचटलेल्या गुडघ्यासारखे. माझ्या तोंडून निघून गेले, आत जखम झालीय बाई तुला. ती टेबलावर तशीच रडू लागली. सासूला काय सांगू, नवरा काय समजेल, हेच पुन्हा पुन्हा.

डॉक्टरबाई आल्या, पाहिले, आणि काही झालेले नाही, बाळंतपणानंतर असे दिसते, असे सांगून तिला हसवून घरी पाठवले. मग मला बसवून कागदावर चित्र काढले. मुखाच्या बाहेरच्या ओठांवर गुलाबी आवरण असते, एकावर एक पुष्कळ थरांचे. आतल्या वाटेला एकाच थराचे लाल, मखमली अस्तर. दोन्ही जिथे भेटतात तिथे एक रेघ असते, आणि ही रेघ एका जागी राहत नाही. मुलगी वयात येते तेव्हा, आणि बाळंतपणात, आतले अस्तर बाहेर उलटते. चोळीची बाही दुमडली की अस्तर दिसावे तसे. ते फाटलेले नसते. पुढे त्या लालावर हळूहळू गुलाबी थर चढतो, आणि विटाळ कायमचा गेला की रेघ आत सरकते ती बाहेरून दिसेनाशी होते.

"पुस्तकांतसुद्धा याला व्रण म्हणून ठेवलंय, तुमच्या एकटीचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण सारजाबाई, डोळ्याला दिसलं की लगेच तोंडावाटे बाहेर काढायचं नाही."

म्हणून ही वही. दिसेल ते इथे काढीन.

२० ऑगस्ट

डॉक्टरबाईंनी आज आयोडीन लावून दाखवले. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचले आहे. निरोगी आवरणाला आयोडीन लागले की ते शिसवी लाकडाच्या रंगाचे होते. आतल्या अस्तरावर रंग चढत नाही, आणि जिथे आवरण बिघडले आहे तिथेही चढत नाही. बिघाड बहुतेक त्या रेघेच्या आसपासच सुरू होतो, कारण तिथे एक कातडी जाऊन दुसरी येण्याचे काम सदा चाललेले असते.

मग न चढलेला रंग अस्तराचा की बिघाडाचा, हे कसे ओळखावे? मी विचारले. त्या म्हणाल्या, वय विचारायचे, बोटाने चाचपायचे, आणि तरी शंका राहिली तर तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवायचा. मला तर प्रत्येकीच्या बाबतीत शंका राहील असे वाटते.

आमच्या पणदऱ्याच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरली नव्हती. दादा म्हणत, वांगी-मिरची तोडायला अक्षर कशाला. पण त्यांची बहीण, माझी आत्या, लासुर्ण्याहून येऊन त्यांच्याशी भांडली, मला शाळेत बसवून गेली, आणि पुढे तीच मला सून करून घेऊन गेली. पुण्याला नर्सच्या वर्गालाही तिनेच पाठवले. मी चुकले तर ती चूक तिच्याही पदरात पडते, असे मला नेहमी वाटते.

३ ऑक्टोबर, लासुर्णे

रविवारची सुटी म्हणून घरी आले, तर आत्या गोठ्याच्या पडवीत घोंगडीवर बसलेली. तांब्या-ताट वेगळे. तिचे विटाळ-बिटाळ सहा वर्षांपूर्वीच गेलेले. कालपासून पुन्हा कावळा शिवला म्हणे.

शेजारच्या साखरबाई येता-जाता थट्टा करत होत्या. "धोंडाबाई, भागूच्या जोडीनं तुमीबी पाळना बांधा. सासू-सुना एकाच बाजंवर." भागूबाई म्हणजे माझी मोठी जाऊ, तिला सहावा महिना आहे. बायका हसल्या, आत्याही पदराआड हसली. पण तिचे डोळे लाल होते. परवा घट बसायचे. या घरात घट तीच घालते, नऊ दिवस तीच पाणी घालते. भागूबाईला उपास झेपणार नाही, मी बारामतीला. घट बसणार नाही, म्हणजे तिच्या लेखी घरावरचे छप्परच जाणार.

बायका गेल्यावर तिने मला जवळ बोलावले.

"सारजे, खरं सांग. ह्यो कावळाच हाय का दुसरं काय?"

मी कधीपासून ते विचारले. आषाढापासून अधूनमधून डाग पडत होता, तिने लपवला होता. काल मात्र लुगड्यावर आले आणि साखरबाईंनी पाहिले. मधल्या दिवसांत पाणचट जाते, त्याला वास येतो. हंडा उचलला की जास्त. विटाळ असा येत नसतो.

"हा विटाळ नव्हे, आत्या."

"मग?"

मला रोशनबी आठवली. तोंडावर आलेला शब्द मी गिळला. म्हटले, आत कुठून तरी रक्त येते आहे, डॉक्टरबाईंना दाखवायला हवे.

"पर इटाळ न्हाय."

"नाही."

"देवीम्होरं सांगशील?"

मी सांगितले. देव्हाऱ्यासमोर हात जोडून सांगितले, कारण ते खरे होते. आत्याने डोक्यावरून पाणी घेतले आणि तडक चुलीपाशी जाऊन बसली. भागूबाई उंबऱ्यात घुटमळली, तर तिला म्हणाली, "सारजा म्हनती न्हाय म्हून. पुन्याला शिकलीया ती, तुज्यासारखी न्हवं." इतकी आनंदात मी तिला पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

दवाखान्यात दसऱ्यानंतर येईन म्हणाली. मी ताणले नाही.

१० ऑक्टोबर, लासुर्णे

घट बसले. धान हिरवेगार उगवले आहे. आत्या उपासाची, तरी सगळ्यांना वाढते.

माझे मात्र हसे होऊन बसले आहे. गल्लीतल्या बायका येऊन विचारतात, आमचे खरे की खोटे ते बघ. बनाबाईंना तर सुनेचे चार दिवस खरे आहेत का पाणी शेंदायच्या कंटाळ्याचे, ते माझ्याकडून लिहून हवे होते. आत्या हे सगळे ऐकत फुशारून बसली होती. मी म्हटले, आत्या, विटाळ नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. ती म्हणाली, "त्ये बघू. आदी देवीचं हुं दे."

आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन. मी महिने मोजते आणि मग मोजणे थांबवते.

१८ ऑक्टोबर, बारामती

आत्या आली. टेबलावर चढताना लाजली, पण पडल्यावर माझे मनगट धरून म्हणाली, "बग नीट. आत्या म्हून डोळं झाकू नगं."

मी पाहिले. गर्भाशयाच्या मुखाचा वरचा ओठ तिच्या वयाला शोभेल असा, लहान, फिका, कोरडा. रेघ आत गेलेली. खालच्या ओठावर मात्र एक लाल डाग. रोशनबीचे कडे मखमलीसारखे सारखे होते. हा खडबडीत, कणीदार, कडेला उचललेला. कापसाचा बोळा नुसता टेकला तर रक्त आले. आयोडीन लावले. म्हातारपणी आवरण पातळ होते म्हणून रंग सगळीकडे फिकाच चढला, पण डागावर चढलाच नाही. विशीतल्या आईच्या मुखावर लाल असले तर काही नाही. आत्याच्या वयाला तिथे लाल असायला कारणच नाही. हे मला आता चित्र न काढता समजते.

डॉक्टरबाईंनी बोटाने मुखाच्या दोन्ही बाजू चाचपल्या. मऊ आहेत. तुकडा काढला, पुण्याला पाठवला. आत्याने हूं की चूं केले नाही. परत जाताना डॉक्टरबाईंना म्हणाली, पोरगी कामाला बरी हाय न्हवं?

२७ ऑक्टोबर

पुण्याहून उत्तर आले. कॅन्सर.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मुंबईला रेडियम लावतात, तिथे जायला हवे. अजून तो मुखावरच आहे. एकदा बाजू कडक झाल्या की रेडियमचाही फारसा उपयोग होत नाही. किती दिवस हातात आहेत ते सांगता येत नाही, दिवाळी झाली की निघायचे. "त्या तुमचं ऐकतात. तुम्हीच सांगा."

ती माझे ऐकते, हीच तर भीती आहे.

३१ ऑक्टोबर, लासुर्णे

सांगितले. कॅन्सर हा शब्द तिला कळला नसता, म्हणून म्हटले, ही आत वाढत जाणारी जखम आहे, मुंबईला जाऊन आतून जाळावी लागेल. तिने नीट ऐकून घेतले. कोण बघतं तितं, बाई का बुवा? दुखतं का? मग विचारले, गेले तर बरी होईन का? मी म्हटले, आत्ता गेलीस तर पुष्कळ आशा आहे. "मंग जाऊ की. मुंबई तरी बगाया मिळंल."

मला रडू आले. इतके सोपे होते.

जेवणे चालली असताना तिच्यादेखतच बोलणे निघाले. भागूबाईचे यजमान गेणू भावजी म्हणाले, उसाची तोड आता लागेल, भागूबाई अवघडलेली, घर कोण ओढणार. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात, त्यांनाच आईबरोबर जावे लागणार. (यजमानांचे नाव वहीतसुद्धा लिहायला माझा हात धजत नाही.) हे म्हणाले, "त्यात काय? हिला नोकरी सोडाया लावू. दवाखान्याला दुसरी मिळंल." मी लगेच म्हटले, सोडते. मनापासून म्हटले, ते इथे लिहून ठेवते. आत्या कालवण वाढत होती, तिने सगळे ऐकले.

१ नोव्हेंबर, बारामती

आज निघताना आत्या म्हणाली, मी मुंबईला जात नाही.

मी थक्कच झाले. काल हो म्हणालीस ना? तर म्हणे, "आतली जखम हाय न्हवं? भरंल." मी म्हटले, भरणारी नव्हे ती. "तूच म्हनलीस इटाळ न्हाय म्हून. इटाळ न्हाय तर बाईनं चुलीपशी बसावं. मुंबईला काय काम?" मी समजावले, रागावले, पाया पडले. ती पीठ चाळत राहिली. मोटारीपर्यंत पोचवायला आली तेव्हा एवढेच विचारले, "नोकरी सोडायचा कागद दिला न्हाईस न्हवं?" नाही म्हटले. "मंग नगं देऊ आत्ताच."

म्हणजे सगळेच पुढे ढकलायचे आहे तिला. कालची शहाणी बाई एका दिवसात अशी अडाणी कशी झाली? विचार केला तर उत्तर माझ्यापाशीच येते. अंगाला विटाळ नाही म्हणजे अंग शुद्ध, शुद्ध म्हणजे बरे, ही समजूत मीच तिच्या हातात दिली, आणि वर देवीसमोर शिक्का मारला.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फराळाचे सगळे तिनेच केले म्हणे. भागूबाईने निरोप पाठवला आहे की आत्या दोन-दोन लुगडी बदलते आणि ओट्याला धरून उभी राहते.

डॉक्टरबाई रोज विचारतात. त्यांना काय सांगू? मी दवाखान्यात इतर बायकांच्या बाजू चाचपून पाहते, आणि आत्याच्या अजून मऊ असतील का, हेच मनात येते. इकडून जायचे तर ती येत नाही, तिकडून जायचे तर माझाच शब्द वाटेत आडवा पडतो.

एक उपाय सुचतो आहे. तो लिहायलाही भीती वाटते. चुलीपासून तिला उठवायचे असेल तर या घरात एकच गोष्ट उठवू शकते. पण मी देवीसमोर हात जोडून सांगितले आहे.

१४ नोव्हेंबर, लासुर्णे

केले.

गेणू भावजी, भागूबाई, साखरबाई, सगळे असताना मी म्हटले, माझी चूक झाली होती. डॉक्टरबाई म्हणतात हा विटाळच आहे, उशिराचा. रक्त थांबेपर्यंत आत्याने बाहेर बसायला हवे. 

आत्या भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहिले. मग तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपल्यात टाकली, जाळ मागे ओढला आणि उठली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "देवीम्होरं बोल्ली व्हतीस."

पडवीत घोंगडी तिने स्वतःच अंथरली. साखरबाई या वेळी थट्टा करायला आल्या नाहीत. 

२१ नोव्हेंबर, लासुर्णे

मला वाटले होते, एक दिवस बसेल आणि कंटाळून मुंबईला हो म्हणेल. ती आठवडाभर तशीच बसली. रोज भागूबाई लांबून भाकर सरकवते.

भागूबाईला एकटीला घर रेटेना, तेव्हा तिची आई छबूबाई बावड्याहून आली. बाळंतपणासाठी यायचीच होती, ती लवकर आली. आल्या आल्या आमच्या तव्याला नावे ठेवली, चूल सारवली आणि कमरेला पदर खोचून बसली ती घर तिचेच असल्यासारखी. गेणू भावजी म्हणतात, कालवण झणझणीत करते.

मी पडवीत गेले तेव्हा आत्या भिंतीला टेकून आतल्या भांड्यांचे आवाज ऐकत होती.

"किती दीस हाय म्हनं इहीनबाई?"

म्हटले, बाळंतीण उठेपर्यंत. पुढेही दोन महिने राहते म्हणतात.

"भाकऱ्या?"

"त्याच करतात."

"पानी?"

"गडी आणतो."

"मंग आता घर रेटाया आनिक कुनाची नड न्हाय म्हन की."

आपल्या चुलीवर दुसरी बाई बसली की कुणाचे मन मोडणार नाही? मी म्हटले, आत्या, असे मनाला लावून घेऊ नको. ती जरा हसली, गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, "चल. कंदी न्हेताय मुंबईला?"

म्हणजे मी जिंकले. आठ दिवस गोठ्यात बसवून एका मानी बाईचा मान मी मोडला. याचा आनंद कसा करायचा ते मला माहीत नाही.

२७ नोव्हेंबर, बारामती

उद्याच्या गाडीने निघायचे. जाण्याआधी डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासले. डाग मोठा झाला आहे, वरच्या ओठापर्यंत वळला आहे. डावी बाजू चाचपताना त्यांचे बोट थांबले. मग माझे बोट धरून त्यांनी तिथे नेले. उजवीकडे मऊ. डावीकडे भिजून वाळलेल्या सुतळीसारखे काहीतरी. थोडेच.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, गेल्या महिन्यात हे नव्हते. तरी पाठवायचे, तिथले लोक ठरवतील, अजून उपयोग होऊ शकेल. महिना कुणामुळे गेला हे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले. त्यांनी हात धुता धुता ऐकले आणि म्हणाल्या, मला यातले काही ठाऊक नव्हते, मी नुसती वाट पाहत होते. 

माझ्या खोलीच्या दारात आत्या थांबली. आत पाऊल टाकीना. म्हणाली, "ह्यो इटाळ तूच घातलास, तूच काड." मी न्हाणीत पाट मांडला, डोक्यावरून ऊन पाणी घातले. तिची पाठ किती लहान झाली आहे. तिला सगळे ठाऊक होते, पहिल्या दिवसापासून. मग इतके दिवस गोठ्यात का बसली? का बोलली नाही सगळ्यांसमोर, ही खोटे बोलते म्हणून? मी विचारणार होते, पण तिने डोळे मिटून घेतले होते, आणि मी पाणी घालत राहिले.

२८ नोव्हेंबर

दौंडच्या गाडीत बसवून आले. हे बरोबर गेले. डॉक्टरबाईंकडे दुसरी नर्स नाही, दोन बाळंतिणी आत आहेत, म्हणून मला राहावे लागले. मी दोनदा म्हटले, मी येते, काही झाले तरी येते. आत्याने दोन्ही वेळा मान हलवली.

डब्यात गर्दी होती. आत्याला खिडकीची जागा मिळाली. शेजारी जेजुरीची एक बाई होती, तिने सहज विचारले, बाहेर उभी ती लेक का सून?

आत्याने माझ्याकडे पाहिले, आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माज्या भावाची लेक, आन् माजी सून. बायकांच्या दवाखान्यात हाय ती. तिला सुट्टी न्हाय. तिच्याबिगर चालतच न्हाय तितं."

मी फलाटावर मान खाली घालून उभी राहिले. आजारी सासूला गाडीत घालून सून मागे राहते, हे तिने चारचौघांत बोलून दाखवले. बोलून दाखवायचा तिला हक्क आहे. गाडी हलली तरी ती त्या बाईला माझ्याचबद्दल काहीतरी सांगत होती, हात बाहेर काढून माझ्याकडे दाखवत होती. मला तिच्या नजरेला नजर देववली नाही.